तौक्ते वादळ, ३१० कौलं आणि तीन त्रुटी : माझा अनुभव

छप्पर वाऱ्याने एका रात्रीत उचकटलं. त्याच्या मदतीचा अर्ज मंजूर व्हायला पाच महिने लागले, आणि त्यातले चारपेक्षा जास्त महिने सरकारी कचेरीच्या एकाच खिडकीवर गेले. अर्ज तीनदा परत आला. तिन्ही वेळा कारण वेगळं, आणि तिन्ही कारणं पहिल्याच दिवशी कागद चाळून सांगता आली असती. आमच्या बेटाला पूल नाही. फेरीबोट धरायची, पलीकडे बस धरायची, रांगेत उभं राहायचं आणि "एवढं एक कमी आहे, घेऊन या" हे ऐकून परतायचं. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून तिन्ही त्रुटी इथे लिहितो. गोव्यात मांडवी नदीतल्या बेटांवर कौलारू घरात राहणाऱ्या कुणालाही पुढच्या वादळानंतर सगळे कागद एकाच खेपेत नेता यावेत.

वादळाचं थोडक्यात सांगतो. १४ मे २०२१ रोजी, अक्षय्य तृतीयेला, ते लक्षद्वीपच्या परिसरात उभं राहिलं. १६ तारखेला, रविवारी, गोव्यासमोरून उत्तरेला सरकलं आणि १७ च्या रात्री दीवजवळ गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. म्हणजे गोव्यात ते जमिनीवर आलंच नाही, नुसतं घासून गेलं. तेवढ्यात शेकडो झाडं पडली आणि कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अमेरिकेकडे ज्याला हरिकेन म्हणतात ते आणि आपलं चक्रीवादळ एकच. वारा ताशी सुमारे ११९ किलोमीटरला पोचला की तिकडे हरिकेन म्हणतात. आपलं हवामान खातं ११८ पासून 'अति तीव्र चक्रीवादळ' म्हणतं. पत्रकात 'ताशी अमुक ते अमुक, झोत तमुकपर्यंत' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा तीन मिनिटांची सरासरी असतो. कौलं उडतात ती झोताने, त्यामुळे घराच्या तयारीसाठी दुसरा आकडाच धरायचा.

मंगळुरी कौल अडीच किलोच्या आसपास असतं आणि रीपेवर, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्टीवर, फक्त अडकवलेलं असतं. वारा पाखीला, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूला, आपटून आढ्यावरून पलीकडे जातो तेव्हा आडोशाच्या बाजूला, आढ्याच्या लगेच खाली, छपराला वर ओढ बसते. वळचणीखाली शिरलेला वारा आतून वर ढकलतो. म्हणून पहिल्यांदा वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही टोकांच्या कडा आणि आढ्याजवळची कौलं जातात. एक सुटलं की शेजारच्याचा आधार जातो आणि मग पट्टाच्या पट्टा मोकळा होतो. कौलाच्या मागच्या कानाला भोक असतं, ते तारेसाठीच असतं. या कडांची कौलं जस्त चढवलेल्या किंवा तांब्याच्या तारेने रीपेला बांधली तर बरंच वाचतं. साधी लोखंडी तार खाडीच्या खाऱ्या हवेत लवकर गंजून तुटते, ती वापरू नये.

तलाठ्याला कळवणं, ताडपत्री घालणं, पंचनामा होणं हे सगळं चार दिवसांत झालं. संचारबंदीचे दिवस होते, तरी तलाठी फेरीबोट सुरू झाल्यावर स्वतः आला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या. त्याबद्दल तक्रार नाही. ताडपत्री आढ्यावरून दोन्ही बाजूंना टाकायची आणि दोर वाशांना बांधायचा, कौलांना नाही. ओल्या कौलांवर पाय द्यायचा नाही. वाशांवर आडव्या फळ्या टाकून त्यावरूनच जायचं.

आता खिडकी.

पहिली त्रुटी : टक्केवारी. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'वादळी वाऱ्याने छपराची अंदाजे ३०० कौलं मोडली.' वाचायला ठीक वाटतं. पण आपत्ती निधीच्या निकषात अंशतः पडझडीची मदत घराचं नुकसान किमान १५ टक्के असेल तरच मिळते. ३०० कौलं म्हणजे किती टक्के, हे एकूण कौलं माहीत असल्याशिवाय कसं कळणार? खिडकीवरून शेरा आला, '१५ टक्के सिद्ध होत नाही.' तोवर जून उजाडला होता आणि छप्पर नव्याने शाकारून झालं होतं. पाऊस पहिल्या आठवड्यात येतो; उघड्या घरात कागदाची वाट बघत कुणी बसू शकत नाही, आणि तशी अपेक्षा कुणी धरूही नये.

हिशेब सोपा आहे. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. आमचं छप्पर दोन्ही पाख्या मिळून ११० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,६५० कौलं. मोडली ३१०. जवळपास १९ टक्के. याखेरीज चार वासे आणि बावीस रीपा. हे एक वाक्य पंचनाम्यात असतं तर पहिली खेप वाचली असती. छप्पर मोजताना जमिनीवरची लांबी-रुंदी धरू नका. पाखीची लांबी आढ्यापासून वळचणीपर्यंत तिरकी मोजायची, नाहीतर एकूण कौलं कमी भरतात आणि आकडा खोटा ठरतो.

पुरवणी पंचनामा मिळाला तो मोडकी कौलं ठेवली होती म्हणून. पन्नास-पन्नासच्या सहा थप्प्या आणि वर दहा, परसात रचून ठेवली होती. तलाठ्याने ती मोजली, पंचांनी पुन्हा सह्या केल्या. म्हणून पहिला सल्ला हाच : मोडकी कौलं खड्ड्यात टाकू नका, वाटेच्या चिखलात पसरू नका, पैसे खात्यावर येईपर्यंत थप्प्या हलवू नका. फोटो काढताना पंचायतीने दिलेला घर क्रमांक एका तरी फोटोत छपरासकट दिसला पाहिजे. आधी चारही बाजूंनी अख्खं घर, मग जवळून. साफसफाई त्यानंतर.

इथेही एक आडवळण लागलं. कौलांचं बिल ३५० चं होतं, कारण ४० जादा घेतली होती. "३१० मोडली तर ३५० का?" दुकानदाराकडून दोन वेगळी बिलं घ्यायला हवी होती.

दुसरी त्रुटी : 'कच्चं घर'. पंचनाम्यात घराच्या प्रकारापुढे 'कच्चे (कौलारू)' असं पडलं होतं. चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, दगडी जोतं. तरी छपरावर कौलं आहेत एवढ्यावरून घर कच्चं ठरलं. गोव्यातली निम्मी जुनी घरं अशाने कच्ची ठरतील! तेव्हाच्या निकषांत अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी ५,२०० रुपये आणि कच्च्यासाठी ३,२०० रुपये होते. घर पूर्ण पडलं तर ९५,१०० रुपये, आणि तिथे कच्च्या-पक्क्याचा फरक नव्हता. पुढे २०२२ पासूनच्या निकषांत हेच आकडे ६,५००, ४,००० आणि सपाट भागासाठी १,२०,००० झाले.

दोन हजारांसाठी इतकी यातायात कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. त्याच खिडकीवर, त्याच रांगेत, घर साफ पडलेली माणसंही उभी होती. त्यांचे अर्जही असेच एकेक त्रुटी काढून परत जात होते. त्यांच्यासाठी प्रश्न ९५,१०० रुपयांचा होता आणि डोक्यावर पावसाळ्यात प्लास्टिक होतं. चुकीची नोंद निमूटपणे घेतली की पुढच्या माणसाला तीच दाखवली जाते.

यावर उपाय पंचायतीत सापडला. घरपट्टीच्या आकारणीत बांधकामाचा प्रकार नोंदलेला होता : चिऱ्याचं, कौलारू. त्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत जोडली आणि नोंद सुधारली. ही प्रत वादळाच्या आधीच काढून ठेवता येते. पंचायतीच्या कागदाचा दुसराही उपयोग आहे. निकषांप्रमाणे पडलेलं घर अधिकृत बांधकाम असावं लागतं, आणि घर क्रमांक नसलेल्या वाढीव खोलीचा अर्ज त्यावरच अडतो.

तिसरी त्रुटी सगळ्यांत वाईट : नाव. घरपट्टी आजोबांच्या नावावर आहे, ते जाऊन वीस वर्षं झाली. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर, त्यांच्यासकट चार नावं. खिडकीवरून सांगितलं, सगळ्या वारसांची ना हरकत आणा, नाहीतर वारसा दाखला आणा. वारस अकरा. त्यातले तिघे मुंबईत, दोघे आखातात. गोव्यात वारसा ठरवायचा तर विशेष नोटरीपुढे दस्त करावा लागतो, वाटपाचा वाद असेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी. त्या खर्चात अख्खं छप्पर नव्याने होईल. जमिनीची मालकी ठरवायला हे सगळं हवंच, मान्य. पण छप्पर गेलं त्या रात्री घरात कोण होतं, हे ठरवायला अकरा सह्या कशाला?

दोन खेपा याच्यावर गेल्या. शेवटी वरिष्ठांना लेखी अर्ज दिला की मदत मालकीसाठी मागत नाही, राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी मागतो. सोबत जोडलं ते असं : त्याच घर क्रमांकाचं शिधापत्रिकेवरचं नोंद पान, चालू वीजबिल, मतदार यादीतली नोंद, सरपंचांचा रहिवासाचा दाखला, आजोबांचा मृत्यूदाखला, आणि एक प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात तीन गोष्टी : या घरात मीच राहतो, अन्य कुणी वारसाने याच नुकसानीसाठी अर्ज केलेला नाही, कुणाचा दावा निघालाच तर रक्कम परत करीन. ते चाललं. आठ दिवसांत मंजुरी आली.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करायला हवी होती, ती चौथ्या खेपेला सुचली. अर्ज देताना दुसरी प्रत सोबत न्यायची, तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची, आणि 'आणखी काही त्रुटी असल्यास एकत्र लेखी कळवावे' हे वाक्य अर्जातच शेवटी लिहायचं. तोंडी सांगितलेल्या त्रुटीला पुरावा नसतो.

मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, नावाची अडचण आणखी जाचक होते. उताऱ्यावर भाटकाराचं (जमीनमालकाचं) नाव, घरपट्टी मुंडकाराची. मुंडकार म्हणून नोंदणी झाली असेल तर तिचा उतारा जोडावा. नसेल तर वरचे राहण्याचे पुरावे सगळेच्या सगळे न्यावेत, एखादा वगळू नये.

गोठा घराला लागून असेल तर त्याची मदत वेगळी मिळते. तेव्हा २,१०० होती, नंतर ३,००० झाली. पंचनाम्यात गोठ्याची वेगळी ओळ लिहून घ्या. माडांचं मात्र तसं नाही. बागायतीला नुकसान किमान ३३ टक्के लागतं. हेक्टरी पावणेदोनशेच्या आसपास माड बसतात, तेव्हा मोठ्या बागेतले पाच-सहा पडले तर त्या निकषात बसत नाहीत. कुळागरवाल्यांनी (माड-पोफळीच्या बागा असलेल्यांनी) पडलेली झाडं एकूण झाडांच्या तुलनेत मोजून मगच शेती खात्याकडे जावं.

झाड छपरावर पडलं असेल तर अग्निशमन दल, १०१. छपराकडे झुकलेलं झाड आधीच काढायचं असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याकडून परवानगी लागते, आणि ती मे महिन्यात धावपळ करून मिळत नाही. दिवाळीनंतर अर्ज टाकावा.

भरतीचंही सांगायला हवं. तौक्ते आलं ते वैशाख शुद्ध चतुर्थीला. अमावास्या मागे गेली होती, पौर्णिमा दहा दिवस पुढे. भांगाचे दिवस, नदीला मोठी भरती नव्हती, म्हणून खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध टिकले. हेच वादळ पौर्णिमेच्या उधाणात आलं असतं तर बांधावरून खारं पाणी शेतात उतरलं असतं आणि पुढची भातशेती गेली असती. इशारा आला की पंचांग बघा. तिथी उधाणाची असेल तर मानसाच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्या आणि बांधातली खेकड्यांची बिळं वादळाच्या आदल्या दिवशी बघून घ्या. वारा सुरू झाल्यावर बांधावर कुणी जाऊ नये. फेरीबोटही तेव्हा बंद ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. रुग्ण, बाळंतीण, डायलिसिसवाली माणसं इशाऱ्याच्या दिवशीच पलीकडे नेऊन ठेवा.

पैसे ऑक्टोबरात खात्यावर आले, ५,२०० रुपये. जादा चाळीस कौलं परसातल्या थप्पीत आहेत. छपराची मोजणी आता पावसाळ्याआधीच करून घरपट्टीच्या पावतीमागे लिहिली आहे : पूर्व पाखी ८२५, पश्चिम पाखी ८२५, वासे, रीपा, तारीख.