पाखराने दिलेला क्यू

कोजागरीच्या रात्री सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीच्या लॉनवर भावगीतांचा कार्यक्रम होता. स्टेजवर मंद निळा, गायिकेवर एकच स्पॉट, दुसरा अंतरा सुरू झालेला. आणि मागचे चारही मूव्हिंग हेड, म्हणजे मान फिरवणारे लाइट, एकदम लालभडक झाले. लाइट करायला मीच बसलो होतो, पण कन्सोलला, म्हणजे लाइट चालवायच्या बोर्डाला, हातसुद्धा लावला नव्हता. हातात मसाला दुधाचा पेला होता. कन्सोलला जोडलेल्या टचस्क्रीनकडे बघितलं तर एक पाखरू लाल रंगाच्या बटणावर नेमकं जाऊन बसलेलं. हेड शेवटचे मीच सिलेक्ट करून ठेवले होते, त्यामुळे पाखराचं काम अगदी सोपं झालं.

तो टचस्क्रीन माझा नव्हता. मित्राचं हॉटेल बंद पडलं, त्याच्या बिलिंग काउंटरवरचा उचलून आणला होता. इन्फ्रारेड जातीचा. त्यात काचेला स्वतःला काही कळत नाही. चौकटीतून अदृश्य किरणांचं जाळं जातं आणि ते कशानेही तुटलं की मॉनिटर म्हणतो 'बोट लागलं'. शर्टाची बाही चालते, पेन्सिल चालते, पाखरू तर चालतंच. बिलाच्या काउंटरवर हे ठीक आहे. पण आमच्या धंद्यात सगळे किडे उजेडाकडेच येतात.

दुसरा मॉनिटर हवाच होता, त्यात दुमत नव्हतं. माझा कन्सोल सेकंडहँड, त्याचा स्वतःचा स्क्रीन 12 इंची. लाइटचे ग्रुप, रंग, पोझिशन आणि क्यू लिस्ट, म्हणजे कोणत्या क्षणी कोणता लाइट याची यादी, एवढा संसार त्यात मावत नाही. दुपारचा प्रयोग संपून रात्रीचा लागेपर्यंत नाट्यगृहात सेट उभा राहायचा, लाइट टांगायचे, फोकस करायचे आणि उरलेल्या वेळात क्यू तपासायचे. त्यात दर दोन मिनिटांनी पान बदलत बसलं की दिग्दर्शक मागून विचारतोच, "झालं का?"

मग रीतसर शोध सुरू केला. पहिली चूक लगेच केली. ऑनलाइन 15.6 इंची पोर्टेबल टचस्क्रीन मागवला, फुल एचडी. हलका, बॅगेत मावणारा, दिसायला देखणा. घरी आणून पट्टी लावून मोजलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फुल एचडी म्हणजे 1920 बाय 1080 ठिपके, मग स्क्रीन केवढाही असो. माझ्या कन्सोलचं छोटं बटण साधारण 50 ठिपक्यांचं. 15.6 इंचावर ते 9 मिलिमीटरचं होतं, साडेएकवीस इंचावर साडेबारा मिलिमीटरचं. माझ्या बोटाचं टोक सेंटिमीटरभर. अंधारात, घाईत, 9 मिलिमीटरच्या बटणावर ते शेजाऱ्यासकट बसतं. म्हणून 4के वगैरेचा मोह सोडा. माझ्या कन्सोलला बाहेरच्या मॉनिटरसाठी साधं डीव्हीआय सॉकेट आहे, आणि सिंगल लिंक डीव्हीआय 60 हर्ट्‌झला 1920 बाय 1200 च्या पुढे जात नाही.

तरी तो पोर्टेबल घेऊन एका एकांकिकेला बसलोच. तिथे वेगळंच भूत निघालं. लाइट कमी-जास्त करणारे डिमर अर्ध्यावर आणले की स्क्रीनवर कुणीही हात न लावता टच उमटायचे. डिमरची सरकपट्टी, म्हणजे फेडर, वर नेला की बंद, पार खाली आणला की बंद, मध्ये ठेवला की पुन्हा सुरू. प्रयोग संपल्यावर काकांना फोन केला. काका म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते. रेझिस्टन्स डिमरच्या काळापासून लाइट करतात, टचस्क्रीन हा शब्द उच्चारताना अजूनही नाक मुरडतात.

"मॉनिटरचा चार्जर कुठे लावलास?"

"डिमरच्याच बोर्डावर, काका."

"दोन पिनी?"

"हो."

"मग तू भुताला घरी जेवायला बोलावलंयस."

थायरिस्टरचे डिमर दर अर्ध्या सायकलला वीज कापून देतात. अर्ध्यावर असताना ते बरोबर व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं त्या जागी कापतात, त्यामुळे लाइनमध्ये सगळ्यात जास्त कचरा तेव्हाच येतो. कपॅसिटिव्ह टचस्क्रीन बोटामुळे होणारा विजेचा अगदी बारीक बदल मोजत असतो. अर्थिंग नसलेल्या स्वस्त चार्जरमधून हा कचरा आत शिरला की त्याला बोटाचा भास होतो. दुसऱ्या प्रयोगाला मॉनिटर वेगळ्या लाइनवर, तीन पिनी अ‍ॅडॉप्टरवर घेतला आणि भूत गेलं. पण 9 मिलिमीटरची बटणं तशीच राहिली, म्हणून तो मॉनिटर शेवटी भाच्याच्या अभ्यासाला दिला.

तिसरा मॉनिटर घेताना मात्र काकांचा सल्ला पाळला: आधी हात लावून बघायचं, मग पाकीट काढायचं. कन्सोल रजईत गुंडाळून रिक्षात घातला आणि थेट दुकानात नेला. दुकानदाराला आधी वाटलं मी बँडवाला आहे. पण माणूस भला, टेबल मोकळं करून दिलं. साडेएकवीस इंची, दहा बोटांचा कपॅसिटिव्ह मॉनिटर जोडला. चित्र आलं, टच नाही. टचस्क्रीनला दोन वायरी लागतात, चित्राची एक आणि टचची यूएसबी, हे मला माहीत होतं; खोक्यातली यूएसबी केबल मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेली. ती शोधण्यात वीस मिनिटं.

केबल लावली आणि गंमत सुरू. बाहेरच्या मॉनिटरवर बोट ठेवलं की बटण कन्सोलच्या स्वतःच्या स्क्रीनवर दाबलं जायचं. दुकानदार म्हणाला, "पीस खराब दिसतोय, दुसरा काढतो." पीस खराब नव्हता. कोणता टच कोणत्या स्क्रीनचा हे विंडोजला सांगावं लागतं. माझ्या कन्सोलच्या पोटात विंडोज 7 आहे आणि डेस्कटॉपवर जाता येतं. तिथे कंट्रोल पॅनेलमध्ये टॅब्लेट पीसी सेटिंग्ज उघडली, सेटअप दाबलं. एकेका स्क्रीनवर सूचना येते, ज्यावर आली त्यावर बोट टेकवायचं, त्याला टच नसेल तर एंटर दाबून पुढे जायचं. काम दोन मिनिटांचं, पण त्यासाठी साधा कीबोर्ड लागतो आणि तो मी घरी विसरलो होतो. दुकानदाराचाच वापरला. एक्सपीवर चालणारा जुना कन्सोल असता तर हे इतकं सरळ नसतं. अनेक बोटांचा टच विंडोजला स्वतःहून कळायला लागला तो 7 पासून. त्याआधी मॉनिटर बनवणाऱ्याचा ड्रायव्हर शोधा, तो कन्सोलात टाकता येतो का बघा, असली यातायात.

17,000 रुपये मोजले. त्याआधी मॉनिटर वळवून मागची स्क्रूची चार भोकं बघितली, 100 बाय 100 मिलिमीटर अंतरावरची. ती नसतील तर मॉनिटर फुकट मिळाला तरी घेऊ नये असं माझं मत झालंय. सोबत येणारा स्टँड बघण्यासाठी असतो, दाबण्यासाठी नाही. प्रत्येक टचला मॉनिटर मान हलवतो. शिवाय उभ्या स्क्रीनवर तासभर हात उचलून काम केलं की खांदा बोलायला लागतो. नेपथ्यवाल्या सुताराकडून प्लायवूडचा उतरता ठोकळा करून घेतला, त्यावर मॉनिटर स्क्रूने बसवला. आता तो लिहायच्या मेजासारखा आडवा असतो. वायरीचं मॉनिटरकडचं एचडीएमआयचं टोक डीव्हीआयसारखं स्क्रूने आवळता येत नाही, म्हणून ती वायर त्याच ठोकळ्याला टायने बांधून टाकली.

राहिला उजेड. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली हे कुणाच्याच लक्षात येत नाही. भरत नाट्य मंदिरात पहिल्या प्रयोगाला शेवटच्या रांगेमागे बसलो होतो. ब्लॅकआऊट झाला आणि माझा चेहरा उजळला. ब्राइटनेस शून्यावर होता, तरी. पुढच्या रांगेतल्या आजींनी मागे वळून असं बघितलं, जणू मी मोबाइलच बघतोय. मध्यंतरात मॉनिटरच्या निळ्या एलईडीवर काळी टेप लावली आणि जेलच्या, म्हणजे लाइटसमोर लावायच्या फिल्टरच्या, पिशवीतून ली कंपनीच्या 210 नंबरचा तुकडा काढला. तो 0.6 एनडी, म्हणजे राखाडी फिल्टर; रंग बदलत नाही, फक्त चौथा हिस्सा उजेड पुढे सोडतो. स्क्रीनच्या मापाचा कापून कडेने चिकटवला. पातळ जेलमधूनही टच व्यवस्थित लागतो.

काका त्या प्रयोगाला आले होते. प्रयोग संपल्यावर केबिनच्या बाजूने येऊन त्यांनी जेलवरून बोट फिरवलं, एक ग्रुप उचलला, परत सोडला. "कोपऱ्यात बुडबुडा राहिलाय," एवढंच म्हणाले.