मोरचुदाचे स्फटिक : आतापर्यंतची प्रगती

मिश्रण, संयुग आणि मूलद्रव्य यांतला फरक पाहण्यासाठी कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या मोरचुदावर (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचे एक संयुग) या पावसाळ्यात काम चालू आहे. खडे निळेशार असले तरी पुडीत माती आणि काडीकचरा होताच, म्हणजे हाती आलेला माल हे विषमांगी, घटक वेगवेगळे दिसणारे मिश्रणच होते. गरम पाण्यात विरघळवून गाळण कागदातून गाळल्यावर करडा गाळ वर राहिला आणि स्वच्छ निळे द्रावण खाली उतरले. हे द्रावणही मिश्रणच आहे, मात्र समांगी, म्हणजे सगळीकडे सारखे; संपृक्ततेची मर्यादा (जिच्यापुढे आणखी मोरचूद विरघळत नाही) सोडली, तर त्यात मोरचूद किती असावे याचे काहीही बंधन नाही. नायलॉनच्या दोऱ्याने त्यात लटकवलेला बीजस्फटिक (ज्याभोवती मोठा स्फटिक वाढतो तो छोटा खडा) आता नखाएवढा झाला असून, दमट हवेमुळे बाष्पीभवन संथ होत असल्याने त्याच्या तिरप्या कडा काचेसारख्या नितळ आल्या आहेत. (भांडे काचेचेच हवे. हे द्रावण ॲल्युमिनियम आणि लोखंड खाते, शिवाय मोरचूद विषारी असल्याने स्वयंपाकघरातले काहीही वापरू नये.)

संयुगाची खरी ओळख मात्र वजनकाट्यावर पटली. कोरड्या स्फटिकांची १० ग्रॅम भुकटी चिनी मातीच्या वाटीत मंद आचेवर तापवली, तेव्हा निळा रंग फिकटत गेला आणि वजन ७.१ ग्रॅमच्या आसपास बराच वेळ अडून राहिले. आच वाढवल्यावर ते ६.४ ग्रॅमवर येऊन स्थिरावले. मोरचुदाच्या दर रेणूमागे पाण्याचे पाच रेणू असतात. त्यांपैकी चार आधी सुटतात आणि पाचवा सुमारे २०० अंश सेल्सिअसला. स्फटिक कोणत्याही दुकानातला असो, शुद्ध असेल तर पाण्याचा वाटा ३६ टक्केच भरतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्रूस्त यांनी १७९९ मध्ये स्थिर प्रमाणाचा नियम (एका संयुगात घटकांचे वजनी प्रमाण नेहमी तेच असते) मांडला, तोही तांब्याच्याच एका संयुगावर, कॉपर कार्बोनेटवर, काम करून. पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाकताच ती निळी होते आणि वाटी चांगलीच गरम होते. नुसत्या मिसळण्याने एवढी उष्णता बाहेर पडली नसती.

मूलद्रव्यासाठी उरलेल्या द्रावणात घासलेले लोखंडी खिळे टाकले. काही मिनिटांतच त्यांवर तांबूस थर चढला, कारण लोखंडाने तांब्याची जागा घेतली. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) चुना पुरेसा पडला की नाही, हे बागायतदार लोखंडी पाते बुडवून पाहतात, ते याच आधारावर. सुटलेले तांबे हे मूलद्रव्य असल्याने आणखी कितीही तापवले, तरी त्याचे अधिक साध्या पदार्थांत विघटन होणार नाही. १० ग्रॅम मोरचुदातून जास्तीत जास्त २.५५ ग्रॅम तांबे मिळायला हवे. खिळ्यांचे कण त्यात मिसळून वजन फुगते, म्हणून धुऊन वाळवल्यावर चुंबक फिरवूनच ते तोलायचे आहे.