तीन अनारकली, एक सुलोचना

चित्रपटांच्या जुन्या फोटोंची सूची करणं हे माझं काम. त्या दिवशी एका दिवंगत संग्राहकाच्या घरून आलेलं पाकीट उघडलं. वर पेन्सिलीनं ‘सुलोचना, अनारकली’ एवढंच. साल नाही.

सुलोचनाबाई लाटकरांचे दोन फोटो त्यात घुसले होते, ते आधी बाजूला काढले. ही गल्लत नेहमीचीच. आमची ही सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. ज्यू घरातली, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून मूकपटांत आलेली. तिच्या भल्यामोठ्या पगाराची गोष्ट सगळेच सांगतात. मला अप्रूप आहे ते १९२७ सालच्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’चं, त्यात तिनं एकटीनं आठ भूमिका केल्या! पण बघायचं कसं? त्या काळातले बहुतेक मूकपट नष्ट झालेत. तिचं काम बरंचसं असल्या पाकिटांतच उरलंय.

एक फोटो सहज लागला : बीना राय अनारकली आणि सुलोचना सलीमची आई. म्हणजे १९५३.

उरलेल्यांनी दुपार खाल्ली. इम्पिरियल कंपनीनं ‘अनारकली’ १९२८ साली मुका काढला आणि १९३५ साली बोलता. दोन्हींत नायिका सुलोचना, सलीमच्या भूमिकेत डी. बिलिमोरिया, दिग्दर्शकही तेच आर. एस. चौधरी. बोलपट आले तेव्हा हिचं हिंदुस्थानी कच्चं. तिनं भाषेवर मेहनत घेतली आणि आपल्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलत्या आवृत्त्या केल्या. बाईंच्या हुशारीला दाद द्यावी, पण सूचीकाराचे हाल!

शेवटी बोलपटाच्या गाण्यांची पुस्तिका आठवली. आमच्याकडची प्रत काढून भिंगाखाली दागिने ताडून पाहिले. एका फोटोतला माथ्यावरचा दागिना आणि ओढणीची किनार हुबेहूब जुळली. तो १९३५चा.

दुसऱ्यात ती कठड्याला टेकलेली, ओठ अर्धवट उघडे. सहकारी म्हणाला, “गातेय बघा, बोलपटच!” मी मानलं नाही. मूकपटातही नट तोंड हलवून संवाद म्हणायचेच, आवाज तेवढा पडद्यावर पोचत नसे. पोशाख पुस्तिकेत कुठेच नव्हता, आणि पुस्तिकेत नाही म्हणजे चित्रपटात नाही, असंही होत नाही.

आमच्या वरिष्ठ मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “दोन्ही सालं लिही, पुढे प्रश्नचिन्ह टाक. कुणाकडे मूकपटाची जाहिरात निघाली तर बघू.”

कार्डावर तसंच लिहिलंय.