तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा घोड्यावर का?

"पडलीस, हाड मोडलं, सोडलंस. मग 41व्या वर्षी पुन्हा कशाला? आणि बसायचंच तर एक काहीतरी धर. आज ड्रेसाज, उद्या टेंट पेगिंग!" लग्नात भेटा नाहीतर जिन्यात, प्रश्न हाच. एकदा नीट सांगते.

आधी ते पडणं. इतकी वर्षं मी सांगत आले, "घोड्यानं पाडलं." ते खोटं आहे.

मी 17 वर्षांची होते. माझा घोडा सरदार उडीच्या तिसऱ्या अडथळ्यापाशी दोनदा अडला. कान मागे पाडलेले, आणि पुढच्या उजव्या पायावर तो भार द्यायचं टाळत होता. मला ते दिसलं होतं. हे एवढं वाक्य लिहायला 25 वर्षं लागली. कठड्याशी सगळे बघत उभे होते, म्हणून मी चाबूक ओढला. तो उडाला, पण वाकडा. तोल गेल्यावर मी लगामालाच लोंबकळले, म्हणजे त्याच्या तोंडातल्या लोखंडाला. अडथळ्याची दांडी खाली आली, तो गुडघ्यांवर बसला, मी मानेवरून पुढे फेकले गेले. डोळे उघडले तर घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार माझ्याकडे नाही, सरदारकडे धावत होता. सरदारच्या ओठाच्या कोपऱ्यातून फेसाबरोबर रक्त येत होतं. माझा कॉलर बोन मोडला. हात गळ्यात बांधून मी दीड महिना घरी होते. सरदारला बघायला एकदाही गेले नाही. नंतरही नाही.

त्या वयात दुसरं कोण थांबलं असतं? घोड्याला एकदा जिंकू दिलं की तो कायमचा बिघडतो, असंच आम्ही ऐकत आलो होतो. पण पाय मला दिसला होता, त्याचं काय करू?

2023 मध्ये हांगझोच्या एशियाडला आपल्या संघानं ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नजाकतीनं करून घेण्याच्या प्रकारात, सोनं मिळवलं. घोडेस्वारीतलं त्याआधीचं सोनं 1982चं, माझ्या जन्मवर्षाचं. सगळे घोड्यांची पावलं बघत होते, मी स्वारांचे हात बघत बसले. किती शांत हात! पुढच्याच महिन्यात घोडेस्वारीच्या वर्गात नाव घातलं.

तेव्हा हे धरसोड नाही. ड्रेसाजमध्ये मी हात शिकते. टेंट पेगिंगमध्ये एका हातात भाला, घोडा सुसाट, जमिनीतली मेख उचलायची. लगामाला लोंबकळायची सोयच नाही, मांड पक्की हवी. आणि एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची घोडदौड, मला सगळ्यात जवळचं वाटतं. टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोड्याची नाडी मोजतात. ठरल्या वेळात ठोके मिनिटाला 64पर्यंत उतरले नाहीत, पाऊल लंगडं दिसलं, की घोडा बाहेर. स्वाराला कितीही पुढे जायचं असो. त्या दिवशी सरदारसाठी असं कुणीतरी असायला हवं होतं. तिथे मीच होते.

हौस महाग आहे, हे मान्य. पाठ दुखते, तेही मान्य.

उडी मात्र अजून नाही. गेल्या रविवारी जमिनीवर नुसत्या ठेवलेल्या दांडीपाशी घोडी थबकली. मी लगाम सैल सोडला, उतरले, चारही पाय चाचपून पाहिले. काही नव्हतं. सर म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही तिला थांबायला शिकवलंत." त्यांचं खरं असेल. मी तिच्यासाठी उतरले की भीतीनं, हे मला अजून कळलेलं नाही. या रविवारी दांडी तिथेच असणार आहे.