कावीळ

कोझिकोडला जाऊन चार महिने झाले होते तरी माझं मल्याळम दोन शब्दांपलीकडे गेलं नव्हतं. 'वेदन उण्डो?' म्हणजे दुखतंय का. वेदना हा शब्द आपलाच, म्हणून तो लक्षात राहिला. दुसरा शब्द 'मदि', पुरे. हा जेवताना लागायचा.

मी मूळची भूलतज्ज्ञ. बारा वर्षं सांगली भागात भूल दिली. माझे पेशंट माझ्याशी जेमतेम दोन मिनिटं बोलत आणि मग झोपत. सवयच तशी लागलेली. मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचं जबर वेदनाशामक; त्याच्या इंजेक्शनचं मला तोंडपाठ, पण त्याची गोळी एवढ्या वर्षांत एकदाही लिहिलेली नाही. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीपायी बहुतेक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा सैल झाला, माणसांची भीती मात्र तशीच राहिली. मुंबईत टाटाला 2012 पासून पॅलिएटिव्ह मेडिसिनची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं हलकं करायच्या शास्त्राची, एमडी आहे, पण दोन मुलं पदरात असताना पुन्हा तीन वर्षं रेसिडेन्सी कोण करणार? म्हणून त्याच विषयाची ही फेलोशिप, आणि म्हणून कोझिकोड. 1993 साली तिथल्या मेडिकल कॉलेजच्या आवारात वेदनाशमनाचं एक छोटं केंद्र सुरू झालं, आणि तिथून गल्लोगल्लीचे स्वयंसेवक या कामात उतरले.

पेशंटना घरी जाऊन बघायचं, त्यामुळे शिकणं बहुतेक गाडीतच. ड्रायव्हर, सिस्टर, कॉलेजची एकदोन पोरं, सर आणि मी. पिशवीत कॅथेटर, गॉज, बटरफ्लाय सुया, चिघळलेल्या गाठीचा वास मारायला मेट्रोनिडॅझोलच्या कुटलेल्या गोळ्या. घरात शिरल्यावर सिस्टर बोलायच्या आणि मी बघत बसायची: पेशंट कुठे हात ठेवतो, बायको कुठल्या वाक्याला उठून आत जाते, पोरगं कधी मोबाईल काढतं.

मग एका सकाळी सर म्हणाले, आज तुझ्या गावचं घर आहे.

कोझिकोडला सोनारांच्या गल्लीत आपली माणसं आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं हा यांचा धंदा. दुष्काळानं बाहेर काढलेली ही घरं देशभर पसरली आहेत. केरळात सोनं मुबलक, तिथं ती नसती तरच नवल. काका अठ्ठावन्न वर्षांचे, चौदाव्या वर्षी मामाबरोबर भट्टीवर आलेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. केमो नको असं ठरलेलं. कुणी ठरवलं, ते फाईलमध्ये नव्हतं.

जिन्याखालीच मुलानं गाठलं. "मॅडम, बाबांना कावीळ झालीय असंच सांगितलंय. तुम्ही काय बोलू नका."

बरं म्हटलं आणि वर गेले. काका मांडीवर उशी घेऊन पुढं वाकून बसले होते. स्वादुपिंडाचं दुखणं पाठीत जातं, असं वाकलं की जरा कमी होतं. मी मराठीत "काका, नमस्कार" म्हटलं आणि त्यांनी मान वर केली. काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. झालं, मी सुटले. माझं गाव कुठलं, विट्यात कोण पाहुणे, रेवणसिद्धाची जत्रा, यंदाचा पाऊस. मग औषध: मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी, सकाळी सहाला, दहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला अख्खी, म्हणजे पहाटे उठायला नको. पोट साफ व्हायची गोळी मात्र रोज घ्यायचीच, चुकवायची नाही. मध्ये काका खिडकीकडं बघत म्हणाले, "दसऱ्याला गावाकडं जायाचं म्हंतोय. हुईल का?"

"का नाही होणार! आधी दुखणं तर थांबवूया," मी म्हटलं.

फॉर्मवर चार रकाने असतात. इंग्लंडच्या डॉक्टर सिसली सॉन्डर्स यांनी मांडलेलं 'टोटल पेन', म्हणजे सगळ्या बाजूंनी मिळून होणारी वेदना: शारीरिक, मानसिक, सामाजिक, आध्यात्मिक. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं, 'मुलाचा चांगला आधार'.

गाडीत सरांनी विचारलं, "खिडकीकडं बघून तो काय म्हणाला?"

सरांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. मी सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

तेही सांगितलं. सर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "त्यानंतर तो बोललाच नाही. मला वाटलं, तू त्याला 'मदि' म्हणालीस."

रात्री झोप लागली नाही. रागही आला, खोटं कशाला सांगू? बारा वर्षांची डॉक्टर मी, आणि ज्याला माझी भाषा येत नाही तो माणूस मला माझं बोलणं शिकवणार!

पाचव्या दिवशी पुन्हा गेलो. मधल्या काळात फोनवर डोस दुप्पट केला होता. काका आडवे झोपले होते, दाढी केलेली. मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, "काका, तुम्ही दसऱ्याचं विचारत होता."

आणि गप्प बसले. ऑपरेशन थिएटरात शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, लगेच मॉनिटरकडं मान वळवायची. इथं मॉनिटर नव्हता. खालच्या गल्लीतून हातोडीची टकटक येत होती. ती मोजत बसले.

"कावीळ तीन महिनं ऱ्हात न्हाई, बाय," काका म्हणाले. "माझी आज्जी गावची कावीळ उतरवायची. मी लहानपणापासनं बघितलीय."

मी मान हलवली.

"पोराला सांगू नका मला कळलंय म्हणून. त्येला लई लागंल."

दोघांनीही मलाच घातलेली एकच शपथ. "मी नाही सांगणार," मी म्हटलं. "पण त्याला वर बोलवू का? तुमच्या मनात काही असेल तर?"

बराच वेळ गेला. मग त्यांनी बोट दाखवलं ते फळीवरच्या लाल वहीकडं.

मुलगा आला. काका म्हणाले, लिही. एका विधवा बाईचं 32 ग्रॅम सोनं त्यांच्याकडं होतं. पावती नाही, नोंद नाही, नुसत्या शब्दावर ठेवलेलं. लेकीच्या लग्नाला न्यायला येणार होती. कुठल्या डब्यात, कुठल्या कापडात, सगळं सांगितलं. मग आणखी तीन नावं. पोरगं लिहीत होतं आणि अक्षर बिघडत होतं. काका म्हणाले, "नीट काढ, वाचता आलं पायजे." सिस्टरनी माझ्याकडं बघितलं, काय चाललंय म्हणून. मी भाषांतर केलं नाही.

गावी जायचं पक्कं झालं. मिरजेला जाणारी पूर्णा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच. दसऱ्यापर्यंत थांबू नका, येत्या गाडीनंच जा, असं मी स्पष्ट सांगितलं. गावाकडच्या पाच मेडिकलवाल्यांना फोन केले. मॉर्फिनची गोळी कुणाकडंच नाही, एकानं तर नाव ऐकून फोनच ठेवला. दिवसाला सहा, महिन्याच्या 180, अचानक कळ उठली तर आणखी 40. सिस्टरनी दोनदा मोजून दिल्या. वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला सहीशिक्क्याचं पत्र लिहिलं.

उतरताना जिन्यावर मुलानं पुन्हा थांबवलं. डोळे सुजलेले. "मॅडम, तुम्ही सांगितलं त्यांना?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"तुमच्या पणजीनं," मी म्हटलं.