निर्मळ पाण्यातले तपकिरी धागे

समुद्री मत्स्यालयांची देखभाल करणाऱ्याकडे ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेक शैवालाच्या असतात आणि त्यांचे मूळही सहसा एकच असते. मासे खातात त्यापेक्षा जास्त अन्न पाण्यात पडते, ते कुजते, नायट्रेट आणि फॉस्फेट वाढते आणि त्यावर हिरवे केसाळ शैवाल पोसले जाते. उपायही ठरलेला आहे: अन्न कमी करा, पाणी बदला, पाण्यातला सेंद्रिय मळ फेसातून काढणारा स्किमर नीट चालवा, शैवाल खाणाऱ्या गोगलगायी सोडा. मी ज्या टाकीविषयी लिहीत आहे, तिच्या मालकांनी हे सगळे आधीच आणि अत्यंत निष्ठेने केले होते. तरीही त्यांची प्रवाळे मरत होती. ते प्रकरण आता बऱ्यापैकी आटोक्यात आले आहे, पण माझ्या मनातून गेलेले नाही, म्हणून सविस्तर मांडतो.

टाकी पाहताच मालक किती काळजी घेत असतील ते कळत होते. काच स्वच्छ होती, सम्पमध्ये, म्हणजे गाळणीची साधने ठेवलेल्या खालच्या जोडटाकीत, गाळ नव्हता, पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता) ठरलेल्या आकड्यावर स्थिर होती. मात्र वाळूवर आणि खडकांच्या वरच्या अंगावर शेंबडासारखा चिकट, तपकिरी थर पसरला होता. त्यातून निघालेले धागे प्रवाहात हेलकावत होते आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकलेला होता. टर्बो जातीच्या गोगलगायी वाळूवर उलट्या पडल्या होत्या. सरळ केल्या तरी काचेला धरून राहण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांचा रंग उडाला होता आणि काहींची टोके जळाल्यासारखी पांढरी पडली होती. मालकांनी नोंदवही पुढे ठेवली. तिच्यात नायट्रेट आणि फॉस्फेट या दोन्ही रकान्यांत सलग शून्येच होती आणि ती दाखवताना त्यांच्या बोलण्यात अभिमान आणि हताशा दोन्ही जाणवत होत्या. "एवढे स्वच्छ पाणी असताना हे वाढते तरी कशावर?" असे त्यांनी विचारले. माझ्या मते त्या टाकीविषयी विचारण्यासारखा हाच प्रश्न होता, आणि तोवर त्यांना सल्ला देणाऱ्यांपैकी कोणीही तो गांभीर्याने घेतला नव्हता.

आधीच्या देखभाल करणाऱ्याने या थराला सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारे निळे-हिरवे जीवाणू, ठरवून त्यावरचे औषध घातले होते. थर काही दिवस पातळ झाला आणि मग दुप्पट जोमाने परतला. त्यानंतर फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त खडे वाढवले गेले, पाणी अधिक वेळा बदलले गेले आणि माशांचे अन्न जवळजवळ निम्म्यावर आणले गेले. प्रत्येक उपायानंतर टाकी आणखी बिघडत गेली आणि त्यावरून उपाय अपुरा पडल्याचाच निष्कर्ष काढला गेला. आमच्या व्यवसायातली ही सवय मला फार खटकते. तपकिरी दिसले की एक बाटली, लालसर दिसले की दुसरी; समोरचा जीव नेमका कोणता, हे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. वास्तविक शाळेत वापरतात तसला साधा सूक्ष्मदर्शक एवढ्या कामाला पुरतो.

सूक्ष्मदर्शकाच्याही आधी मी एक साधी चाचणी करतो. थराचा थोडा भाग टाकीतल्याच पाण्यासह बाटलीत घ्यायचा, तो पूर्ण विरघळल्यासारखा होईपर्यंत जोरात हलवायचा, कॉफी गाळण्याच्या कागदातून गाळायचा आणि गाळलेले पाणी उजेडात ठेवून द्यायचे. मोकळ्या झालेल्या पेशी कागदातून पार होतात. तासाभरात त्या पाण्यात पुन्हा तपकिरी धागे जुळू लागले, तर डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे एकपेशीय सूक्ष्मजीव, असण्याची शक्यता फार मोठी असते. त्या दिवशी तासभरही थांबावे लागले नाही. बाटलीच्या तळाशी पेशी एकमेकींना शोधत आल्यासारखा गुंता तयार झाला आणि मालक तो पाहतच राहिले.

मग स्लाइडवर एक थेंब घेतला. चारशे पटीच्या भिंगाखाली दिसले ते असे: पाण्याच्या थेंबासारख्या, एका टोकाला निमुळत्या, सोनेरी तपकिरी पेशी, आणि त्यांतली प्रत्येक आपल्या निमुळत्या टोकाशी जणू दोरीने बांधलेली असावी तशी एकाच बिंदूभोवती गरगर फिरत होती. ही ऑस्ट्रिऑप्सिस या डायनोफ्लॅजेलेटची चाल आहे आणि एकदा पाहिली की विसरता येत नाही. डायटम नावाचे एकपेशीय शैवाल असते तर काचेसारखे कडक कवच दिसले असते आणि हालचाल झालीच असती तर संथ, सरकती. सायनोबॅक्टेरिया असते तर पेशींच्या लांब माळा दिसल्या असत्या. उघड्या डोळ्यांना हे तिघेही तपकिरी किंवा लालसर थरच वाटतात, पण तिघांवरचे उपाय वेगळे आहेत आणि काही बाबतींत तर परस्परविरोधी आहेत. मालकांना मी भिंगातून पाहायला सांगितले. ते बराच वेळ पाहत राहिले. नंतरच्या सगळ्या समजावणीचे निम्मे काम तिथेच झाले.

डायनोफ्लॅजेलेट हा शत्रूंचाच गट आहे असे मात्र नाही. प्रवाळांच्या पेशींमध्ये राहून त्यांना साखर पुरवणारे, त्यांना तपकिरी रंग देणारे सहजीवी शैवालही डायनोफ्लॅजेलेटच आहेत. त्यामुळे या गटाला सरसकट मारणारे रसायन टाकीत घातले, तर प्रवाळ ज्यावर जगते त्यालाच धोका पोहोचतो. आणि मालकांच्या प्रश्नाचे उत्तरही या गटाच्या स्वभावातच आहे. यांतल्या अनेक जाती प्रकाशावर अन्न तयार करतात, शिवाय जीवाणू आणि इतर सूक्ष्म कणही गिळतात. पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आले की हिरवे शैवाल, डायटम आणि त्यांच्या सोबतचे जीवाणू उपाशी पडतात, जागा मोकळी होते, आणि गिळून पोट भरू शकणारे डायनोफ्लॅजेलेट ती जागा घेतात. नोंदवहीतली ती शून्ये त्यांच्या वाढीला अनुकूल परिस्थितीचीच नोंद होती. सायनोबॅक्टेरियावरच्या औषधाने आणखी एक स्पर्धक हटवला. प्रवाळांचा उडालेला रंग हाही उपासमारीचाच परिणाम होता. वाढवून ठेवलेली क्षारता आणि पोषणाचा अभाव एकत्र आले की अ‍ॅक्रोपोराची टोके जळताना मी इतर टाक्यांतही पाहिले आहे.

गोगलगायी का मरत होत्या, हेही त्या गोल फिरणाऱ्या पेशींनीच सांगितले. ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या कुळातली विषे तयार करतात आणि त्यांवर चरणारे प्राणी त्याला बळी पडतात. माणसालाही त्याचा त्रास होतो. 2005च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिस माजले, तेव्हा नुसती समुद्रावरची हवा श्वासात गेल्याने सुमारे 200 लोकांना ताप, खोकला आणि श्वास लागणे अशा तक्रारींसाठी वैद्यकीय मदत घ्यावी लागली होती. टाकी म्हणजे समुद्र नव्हे, तरीही मी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क लावल्याखेरीज हा थर खरवडत नाही आणि तोंडाने नळी ओढून पाणी काढणे तर कोणत्याही टाकीत करू नये, असे माझे ठाम मत आहे. मालकांनी यापूर्वी तो थर अनेकदा उघड्या हातांनी आणि ब्रशने घासून काढला होता. त्यांना हे आधी कोणीतरी सांगायला हवे होते.

सगळ्यात अवघड भाग होता तो पुढचा: वर्षानुवर्षे शून्याचा ध्यास घेतलेल्या माणसाला, आता आपण हेतुपुरस्सर नायट्रेट आणि फॉस्फेट घालणार आहोत, हे पटवणे. "म्हणजे मी इतके दिवस जे काढत होतो, तेच तुम्ही घालणार?" असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो, आणि कारण पुन्हा एकदा, शांतपणे सांगितले. पाणी बदलणे थांबवले, फॉस्फेट शोषणारे खडे काढून टाकले, माशांचे अन्न पूर्ववत केले, विष शोषले जावे म्हणून सक्रिय कोळसा मात्र ठेवला. सोडियम नायट्रेटचे द्रावण घालून नायट्रेट 5 ते 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 5 ते 10 भाग) दरम्यान आणणे सोपे गेले. फॉस्फेटने मात्र फार सतावले. सकाळी 0.1 पीपीएमपर्यंत नेलेले फॉस्फेट दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळजवळ नाहीसे झालेले असे, कारण खडक आणि वाळू दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि उपाशी खडक फॉस्फेट शोषतच राहतो. त्याची भूक भागेपर्यंत रोज मोजायचे आणि रोज घालायचे, याला दुसरा मार्ग नाही.

मोजण्याविषयीही थोडे लिहायला हवे. रंग ताडून पाहण्याच्या संचावर 0 आणि 0.03 यांतला फरक डोळ्याने ओळखता येत नाही आणि या आजारात नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो. डिजिटल मापक वापरणाऱ्यांनी आपले यंत्र फॉस्फरस दाखवते की फॉस्फेट, हे आधी पाहावे. फॉस्फरसच्या आकड्याला 3.066 ने गुणल्यावर फॉस्फेट मिळते आणि हा गुणाकार न केल्यामुळे चुकलेल्या कितीतरी नोंदी मी पाहिल्या आहेत. मालकांना कोणीतरी नायट्रोजन आणि फॉस्फरसचे 16 ला 1 हे प्रमाण राखायलाही सांगितले होते. हे प्रमाण ज्यावरून आले, ते समुद्रशास्त्रज्ञ अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी 1934 मध्ये मांडलेले निरीक्षण खुल्या समुद्रातल्या प्लवकांविषयी आणि तिथल्या पाण्याविषयी होते. काचेच्या टाकीसाठी ते उद्दिष्ट म्हणून वापरणे मला चुकीचे वाटते. दोन्ही पोषकद्रव्ये पुरेशी मोजता येतील एवढी असणे प्रमाणापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

दुसरा उपाय अतिनील दिव्याचा. ऑस्ट्रिऑप्सिस दिवसा खडकाला आणि वाळूला चिकटून असतात, पण अंधार पडल्यावर त्यांतल्या बऱ्याच पेशी पाण्यात तरंगू लागतात. म्हणून दिव्याचे पाणी सम्पमधून न घेता थेट मुख्य टाकीतून घेतले आणि प्रवाह संथ ठेवला, म्हणजे पेशींवर किरणे पुरेसा वेळ पडतील. सोबत सलग तीन दिवस टाकीवरचे दिवे बंद ठेवले, जेणेकरून अधिकाधिक पेशी पाण्यात येतील. अशक्त झालेल्या प्रवाळांना अंधार सोसेल की नाही, याची मला धास्ती होती. दिवे लावल्यावर वाळू स्वच्छ दिसली, मालकांचा चेहरा उजळला. पण थर काही दिवसांनी पुन्हा आला, पूर्वीपेक्षा विरळ. इथे माणसे धीर सोडतात आणि नवी बाटली आणतात. मालकांनी ते केले नाही, याचे श्रेय मी त्यांना मनापासून देतो.

पुढच्या काही आठवड्यांत थर विरळ होत गेला, आणि मागच्या काचेवर हिरवट पापुद्रा दिसू लागला. मला तो पाहून जेवढा आनंद झाला, तेवढीच मालकांना काळजी वाटली आणि लोहयुक्त खडे पुन्हा लावू का, असे त्यांनी लगेच विचारले. मी नको म्हणालो. हिरवे शैवाल खाणाऱ्या गोगलगायी पाण्यातले विष ओसरल्यावर पुन्हा सोडता येतात. ते काम त्यांचे. अ‍ॅक्रोपोराच्या ज्या वसाहतींत थोडी ऊती शिल्लक होती, त्या खालून वर रंग धरू लागल्या. पुढच्या बाजूच्या तीन मोठ्या वसाहती मात्र गेल्या आणि त्या आधीच्या उपायांच्या काळातच वाचण्यापलीकडे गेल्या होत्या, असे मला वाटते. सुरुवातीलाच कोणी एक थेंब भिंगाखाली पाहिला असता, तर त्या राहिल्या असत्या का, हा विचार मी टाळू शकत नाही.

आणि नेमक्या कोणत्या उपायाने गुण आला, हेही मला ठामपणे सांगता येत नाही. पोषकद्रव्ये, अतिनील दिवा, अंधार आणि पाणी न बदलणे हे सगळे आम्ही जवळजवळ एकाच वेळी केले, कारण मरणाऱ्या प्रवाळांसमोर एकेक उपाय वेगळा तपासण्याइतका वेळ नव्हता. माझा कल स्पर्धक परतल्यामुळे फरक पडला असे मानण्याकडे आहे, पण एका टाकीवरून ते सिद्ध होत नाही.

मालकांनी आता स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला आहे आणि नोंदवहीत आकड्यांच्या शेजारी त्यासाठी एक रकाना वाढवला आहे. भिंगाला मोबाइल लावून काढलेल्या चित्रफिती ते मला पाठवतात. परवा आलेल्या चित्रफितीत वाळूच्या नमुन्यात मोजक्या पेशी दिसल्या, पण त्या जागेवर गरगरत नव्हत्या. चपट्या होत्या आणि वाळूच्या कणांमधून सरपटत होत्या. त्या अ‍ॅम्फिडिनियम या दुसऱ्या डायनोफ्लॅजेलेटच्या असाव्यात असा मला संशय आहे. तो रात्रीही वाळू सोडत नाही, त्यामुळे अतिनील दिव्याचा त्याच्यावर उपयोग होत नाही आणि डायटमना कवचासाठी लागणारे सिलिकेट घालून त्या स्पर्धकांना वाढू देण्याचा मार्ग घ्यावा लागतो. मी त्यांना वाळूच्या वरच्या आणि खालच्या थरांतून वेगवेगळे नमुने काढायला आणि तोवर पाण्यात काहीही न घालायला सांगितले आहे.