ब्रेक ड्रमचा अडकलेला स्क्रू

जुन्या गाडीच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून झिजणारे अस्तर, बदलायला लागणारा वेळ ठरावीक असतो. बेभरवशाचा वेळ जातो तो ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, धरून ठेवणाऱ्या एकदोन बारीक स्क्रूंपायी. वास्तविक या स्क्रूंवर ब्रेकचा भार नसतो. चाक बसवले की त्याचे नटच ड्रमला हबवर घट्ट आवळून धरतात. चाक काढलेले असताना ड्रम जागचा हलू नये, एवढेच स्क्रूचे काम. त्यामुळे स्क्रू गेला तरी फारसे बिघडत नाही, पण हबमधले आटे मात्र शाबूत राहिले पाहिजेत, हे धरूनच मी कामाला लागतो.

हा स्क्रू आट्यांत जितका अडकतो, तितकाच, किंबहुना अधिक, डोक्याखाली अडकतो. त्याचे निमुळते डोके ड्रमच्या खोलगट बैठकीत रुतलेले असते, तिथे वर्षानुवर्षे पाणी मुरते, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्यामुळे ती फट पाचर मारल्यासारखी घट्ट होते. गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर थांबण्याचा सल्ला सगळेच देतात. तो चुकीचा नाही, पण तेल त्या बैठकीतून आत झिरपायला आधी गंजाचा थर तडकावा लागतो. म्हणून मी प्रथम स्क्रूच्या डोक्यावर सपाट तोंडाचा पंच उभा धरून हातोडीचे काही खणखणीत ठोके देतो, आणि मगच तेल घालतो, तेही बेताने, कारण ते लायनरवर उतरले तर लायनर बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

फुलीच्या खाचेचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावून फिरवू नये, असे माझे ठाम मत आहे. फिलिप्स, म्हणजे नेहमीच्या फुलीच्या, खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे पीळ वाढला की टोक आपोआप वर सरकते आणि खाच गुळगुळीत होते. जुन्या जपानी गाड्यांत तर खाच फिलिप्ससारखी दिसली तरी ती बहुधा जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाची असते; तिला त्याच मापाचे टोक लागते. खाचेतला गंज आणि रंग अणकुचीदार सुईने खरवडून, नेमक्या मापाचे टोक लावून, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. त्याच्या प्रत्येक ठोक्यात टोक खाचेत दाबलेही जाते आणि त्याच क्षणी थोडे फिरतेही. तो सोडवण्याच्या दिशेला लावला आहे ना, हे आधी पाहावे. उलट लावला तर आपणच स्क्रू आणखी आवळत बसतो. एवढे ठोके द्यायचे असल्याने गाडी केवळ जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडवर असली पाहिजे, हे सांगायला नकोच.

तरीही स्क्रू हलला नाही, तर ड्रिल घ्यावे. स्क्रूच्या दांड्यापेक्षा किंचित जाड बिटाने फक्त डोके कापून काढले की ड्रम मोकळा होतो, आणि डोक्याचा ताण गेल्यामुळे उरलेला दांडा पुष्कळदा लॉकिंग प्लायरने सहज फिरतो. स्क्रू एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे दांड्यात भोक पाडून त्यात उलट्या आट्यांनी रुतवायचे आणि दांडा बाहेर काढायचे हत्यार, मी अगदी शेवटी काढतो. तो कडक आणि ठिसूळ पोलादाचा असतो. आत तुटला तर साध्या ड्रिलने कापताही येत नाही.

आच देण्याचा उपाय प्रभावी असला, तरी ब्रेकजवळ तो जपून करावा. रबरी सील जळतात, ब्रेक ऑइल पेट घेऊ शकते, आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचे अवशेष तापले तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तिथली धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या ब्लीडर निपलला (ब्रेक ऑइलमधली हवा काढायच्या बारीक तोटीला) मात्र हा ठोकाठोकीचा न्याय लावू नये. तो पोकळ असतो आणि सहज तुटतो. बारा कोनी पान्याऐवजी सहा कोनी सॉकेट घट्ट बसवून, निपल आधी किंचित आवळून मग सोडवावा, आणि असेच थोडे पुढेमागे करत आटे मोकळे होऊ द्यावेत.

जोडणी करताना नवा स्क्रू घ्यावा, डोक्याच्या बैठकीतला गंज ब्रशने साफ करावा आणि आट्यांना व डोक्याखाली अँटी-सीझचा (आटे पुन्हा अडकू नयेत म्हणून लावायच्या लेपाचा) अगदी पातळ हात द्यावा. आवळताना मनगटाचा जोर पुरे.